धरणं पाडली, मासे आले. आता ओढ्यांचं काय?

काठचा वाळुंज
अमेरिकेत ओरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची, समुद्रातून वर येणाऱ्या माशांची वाट अडवणारी चार धरणं गेली. कॉप्को-२ हे २०२३ मध्ये, आणि आयर्न गेट, कॉप्को-१, जे. सी. बॉईल ही २०२४ मध्ये. काम संपतंय न संपतंय तोच १६ ऑक्टोबर २०२४ ला ओरेगनच्या हद्दीतल्या एका उपनदीत चिनूक (सामन माशाची एक जात) दिसला. १९१२ नंतर पहिल्यांदाच! मी दक्षिण ओरेगनमध्ये राहतो. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते.

तरीही माझं मत बऱ्याच जणांना रुचणार नाही. धरण पाडणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग होता. सामन समुद्रातून नदीत वर येतो, वाळू-गोट्यांत अंडी घालतो आणि मरतो. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट, तेवढा परत फिरून पुन्हा येऊ शकतो. पण पिल्लांचं काय? कोहो या दुसऱ्या जातीच्या सामनचं पिल्लू वर्षभर गोड्या पाण्यात काढतं, स्टीलहेडचं एक ते तीन वर्षं. त्यांना काठाची सावली हवी, संथ डोह हवेत, लपायला पडकी झाडं हवीत, आणि ऐन ऑगस्टातही थंड राहणारं पाणी हवं.

स्कॉट आणि शास्ता या दोन उपनद्या सगळ्यांत खालच्या आयर्न गेट धरणाच्याही खाली क्लॅमथला मिळतात. समुद्रातून तिथवर येणाऱ्या माशाला ही चार धरणं कधी आडवी आलीच नव्हती. मग तिथला कोहो का घटला? उन्हाळ्यात स्कॉटचं पात्र ठिकठिकाणी कोरडं पडतं म्हणून. पुढचा पैसा आणि भांडण दोन्ही या ओढ्यांसाठी हवं, असं माझं म्हणणं.

हिशेबनीस
आणखी पैसा? ४५ कोटी डॉलर झाले की. त्यातले २० कोटी वीजग्राहकांच्या बिलातून गेले (माझ्याही), २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या कर्जरोख्यांतून. १६३ मेगावॉट क्षमतेची, धूर न करणारी वीज घालवली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नदीत सोडलेली ८ लाखांवर पिल्लं मेली, ते कोणी सांगत नाही. उत्सव आवरा.

घाटावरची
हिशेबनीस, ती पिल्लं कशाने मेली तेही लिहा ना. आयर्न गेटच्या पायथ्याच्या बोगद्यातून जाताना दाबाच्या फरकाने त्यांच्या अंगात वायूचे बुडबुडे झाले. चूक होतीच, पण बोगदा धरणाचाच होता! आणि धरणांची मालक वीज कंपनी काही माशांच्या प्रेमात पडली नव्हती. परवाना नवा करायचा तर धरणांना माशांसाठी शिड्या (मासे चढून जातील अशा पाण्याच्या पायऱ्या) बांधा, अशी अट आली. हिशेब केला तेव्हा पाडणं स्वस्त निघालं.

वाळुंज, तुमच्याशीही थोडी असहमत. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आम्ही लहानपणी ओढ्यावर जायचो. पुढे खाली बंधारा झाला आणि चढण थांबली ती थांबलीच. ओढा होता तसाच होता, झाडं तीच, डोह तेच. वाटच बंद असेल तर तुमची सावली कोणासाठी? आधी दार, मग घर. २००२ च्या सप्टेंबरमध्ये क्लॅमथच्या मुखाकडे ३० हजारांवर मोठे मासे मेले, ते विसरलात का?

काठचा वाळुंज
विसरलो नाही, पण ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्या वर्षी नदीत पाणी कमी आणि कोमट होतं. मासे दाटीवाटीने अडकले आणि कल्ल्यांच्या रोगाने गेले. मासा मरतो तो पाण्यावाचून. काँक्रीट पाडल्याने पाणी वाढत नाही.

दाराबद्दल मात्र मान्य. २०२५ च्या शरदात तर मासे अजून उभ्या असलेल्या दोन धरणांच्या शिड्या चढून अपर क्लॅमथ तळ्याच्याही वर गेले.

पाटकरी
आमची शेती नीरा डाव्या कालव्यावर, म्हणून बोलतो. २००२ सांगता, मग २००१ पण सांगा. त्या वर्षी मासे वाचवायला क्लॅमथ सिंचन प्रकल्पातल्या बहुतेक शेतकऱ्यांचं पाणी ऐन हंगामात बंद केलं. कालवा बंद होतो म्हणजे काय होतं, ते पेढे वाटणाऱ्यांना कळायचं नाही. पुढच्या वर्षी पाणी शेतीला दिलं तर मासे मेले. दोन्ही वेळा खलनायक शेतकरीच! अमेरिकेच्या पश्चिमेत ज्याने आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी, हा कायदा सरकारचाच ना?

काठचा वाळुंज
पाटकरी, पण मूळ रहिवाशांचा हक्क त्याच्याही आधीचा आहे, आणि तो कोर्टानेच मान्य केलाय. ऑगस्ट २०२२ मध्ये शास्ताच्या शेतकऱ्यांनी राज्याचा पाणी न उपसण्याचा आदेश धुडकावून आठवडाभर पंप चालवले, नदी पार खाली गेली. दंड किती? ४ हजार डॉलर! हा दंड कसला, भाडंच ते.

सगळे तसे नाहीत, हेही खरं. शास्तावरच बिग स्प्रिंग्ज नावाचं झऱ्यांचं कुरण नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने २००९ मध्ये घेतलं आणि गुरांना कुंपण घातलं. पाण्यातल्या वनस्पती तरारून वाढल्या, त्यांचीच सावली पडली, आणि काठावरची झाडं मोठी व्हायच्या आत पाणी थंड झालं.

हिशेबनीस
कुंपण समजलं. पण तुमचे लोक नदीत मुद्दाम ओंडके टाकतात म्हणे? आमच्या गावाकडे नाला खोल करून, सरळ करून, साफ ठेवतात.

काठचा वाळुंज
इथेही तेच केलं होतं. ओंडक्यांनी माशांची वाट अडते असं समजून विसाव्या शतकाच्या मध्यात सरकारी खात्यांनीच ओढ्यांतली लाकडं उपसून काढली. पाणी सुसाट सुटलं, तळ खरवडला, वाळू-गोटे वाहून गेले, नुसता खडक उरला. मादीने अंडी कुठे घालायची? आता तीच खाती हेलिकॉप्टरने ओंडके आणून टाकतात. ओंडक्यामागे डोह पडतो, पुढे गोटे साठतात, पुरात पिल्लांना आडोसा मिळतो. गाळ मात्र थांबता कामा नये, तो बसला की गोट्यांतलं पाणी फिरत नाही आणि अंडी गुदमरतात.

स्कॉटच्या खोऱ्यात तर बीव्हरची, म्हणजे ओढ्यात लाकडांचे बांध घालणाऱ्या प्राण्याची, नक्कल करतात. ओढ्यात लाकडी खांब ठोकायचे, त्यांत वाळुंजाच्या फांद्या विणायच्या, चिखल थापायचा. पाणी मागे पसरतं, मुरतं. कोहोची पिल्लं अशा डबक्यांत मस्त वाढतात.

घाटावरची
आणि वर येणारा मासा तिथे अडत नाही का? मघाशी मी बंधाऱ्याचंच रडगाणं गायलं होतं.

काठचा वाळुंज
हा बांध बुटका असतो, पाझरतो, बाजूने वाट राहते. काही तज्ज्ञांनाही तुमचीच शंका होती. पण बीव्हर आणि सामन हजारो वर्षं एकाच ओढ्यात राहिलेत.

पाटकरी
अहो, मग सरळ वनराई बंधारा म्हणा ना! आम्ही पोत्यांत माती-वाळू भरून घालतो, तुम्ही फांद्या विणता. विहिरीला पाणी वाढणार असेल तर शेतकरी स्वतः खांब ठोकायला येईल. पण बांध फुटून लसूणघासात पाणी शिरलं तर भरपाई कोण देणार, हे आधी कागदावर आणा.

हिशेबनीस
यावर मी आणि पाटकरी एकत्र. फक्त ती भरपाई माझ्या वीजबिलात घालू नका.