छपराच्या पाण्यावर वीज : टर्बाइन कुठलं घेऊ? (मदत हवी आहे)

माडीवाला: आंबोली घाटाच्या पायथ्याशी घर आहे. पाऊस धो धो. पन्हळीचं सगळं पाणी एकाच पाइपातून खाली आणलंय. त्याला लावायला चांगलं छोटं टर्बाइन कुठे मिळेल? लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. लवकर सांगा, मृग तोंडावर आलाय.

तारतंत्री: छप्पर किती चौरस फूट? पन्हळ जमिनीपासून किती उंच? चालवायचंय काय?

माडीवाला: साधं घर आहे हो, माडीचं. टर्बाइनचं नाव सांगा फक्त.

सौरभक्त: सोलर घ्या. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. आमच्याकडे बिल शून्यावर आलंय.

तारतंत्री: त्यांची अडचण बिलाची नाही, लाइट जाण्याची आहे. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं, सोलर लाइट गेली की बंदच पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं.

सौरभक्त: मग बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लावा! कोकणात सोलर चालत नाही हा गैरसमज आहे. ढगाळ हवेतही थोडी वीज येतेच.

विहीरवाली: ते पाणी गाळून विहिरीत सोडा. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागणार नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र सोडू नका, कौलांवरची घाण येते.

माडीवाला: ताई, विहिरीला पाणी भरपूर आहे. छप्पर 1100 चौरस फूट, उंची 5 मीटर. फ्रिज चालायला हवा, आईचं इन्सुलिन आहे त्यात.

तारतंत्री: हे आधी सांगायला हवं होतं. आता हिशोब बघा. छप्पर 100 चौरस मीटर धरू, मोसमाचा पाऊस 3000 मिमी. म्हणजे तीन लाख लिटर पाणी. ते 5 मीटरवरून पडताना मिळणारी सगळी ऊर्जा मिळून 4 युनिट. दिवसाची नव्हे, अख्ख्या पावसाळ्याची! त्यातली निम्मी हाती लागली तरी खूप. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, तेवढा तुमच्या छपरावर पडला तरी सव्वा युनिट. फ्रिज एका दिवसात साधारण तेवढंच खातो.

जुगाडू: कागदावर काहीही सिद्ध करता येतं. गाडीचा अल्टरनेटर लावा, मी सायकलला लावून बल्ब पेटवलाय.

तारतंत्री: अल्टरनेटरला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात. 5 मीटरचा दाब अर्धा बार, म्हणजे अगदीच कमी. ताशी 50 मिमीच्या झडीतही हाती तीस-पस्तीस वॉट येतील, आणि सर थांबली की तेही बंद.

घाटमाथा: टाटांनी 1915 साली खोपोलीला पाण्यावर वीज केलीच ना?

तारतंत्री: तिथे पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली येतं आणि वर लोणावळ्याकडे तलाव बांधलेत. उंची आणि साठा, दोन्ही.

माडीवाला: साठा नाही. पण मागच्या डोंगरातून व्हाळ (ओढा) येतो, दिवाळीपर्यंत वाहता असतो.

दशावतार: अरे, व्हाळ आसा तर छपराक कित्याक धरून बसलंय?

तारतंत्री: तेच! व्हाळाखाली 10 लिटरची बादली धरा, किती सेकंदांत भरते ते मोजा. वरून घरापर्यंतची उंची पारदर्शक नळीत पाणी भरून, लेव्हल बघत मोजा. 12 मीटर उंची आणि सेकंदाला 2 लिटर मिळाले तर शंभर-सव्वाशे वॉट, तेही रात्रंदिवस. दिवसाला अडीच युनिट. बॅटरी-इन्व्हर्टर मध्ये ठेवलात की फ्रिज चालेल. इन्सुलिनसाठी थर्मासची पेटी आणि बर्फ मात्र यंदा हाताशी असू द्या, हे काम एका महिन्यात होत नाही.

जुगाडू: पाण्याचा पंप उलटा फिरवला तर टर्बाइन होतो, स्वस्तात.

तारतंत्री: होतो, पण त्याला प्रवाह बराच सारखा लागतो. व्हाळाचं पाणी कमीजास्त होणार. पेल्टन किंवा टर्गो बघा, पाण्याच्या झोतावर फिरणारी टर्बाइनं. आणि पाइपाच्या तोंडाशी जाळी हवीच, पाचोळा अडकला की सगळं ठप्प.

माडीवाला: पाऊस सुरू झाल्यावर मोजलं. बादली 4 सेकंदांत भरली, तीही सर नसताना. वरची जागा चुलत्यांची आहे. त्यांच्याशी बोलतो. अडीच इंची पाइप पुरेल का? अंतर सव्वाशे मीटर.

तारतंत्री: सेकंदाला अडीच लिटरला पुरेल. चुलत्यांकडून लेखी घ्या.

घाटमाथा: सामाईक जमीन असेल तर सातबारा बघा आधी. आमच्याकडे…