न्यूयॉर्कची प्रायमरी: पक्ष नाही म्हणून मत नाही, हे पटतं का?

क्वीन्सकर:
नागरिकत्वाची शपथ झाली की मतदार नोंदणीच्या फॉर्मवर आपल्यातले कितीतरी जण पक्षाचा रकाना कोरा सोडतात. कशाला उगाच शिक्का! मग जूनमध्ये प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, केंद्रावरून हात हलवत परत. इथली प्रायमरी बंद, पक्षात नोंद असेल तरच त्या पक्षाची मतपत्रिका. कोऱ्याचा पक्ष करायचा तर अर्ज १४ फेब्रुवारीच्या आत. नवी नोंदणी मात्र प्रायमरीच्या १० दिवस आधीपर्यंत! म्हणजे मे महिन्यात शपथ घेतलेला मत देणार आणि दहा वर्षं जुना कोरा मतदार घरी बसणार. शहरात असे बिनपक्षाचे १० लाखांवर आहेत. वर बोंब, की लोक मतदानाला येत नाहीत.

एबी_फॉर्म:
विरोध. प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीटवाटप. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाला मिळाला ते शेवटच्या रात्री कळतं, तेही बंगल्याबाहेर ताटकळून. इथे साधा मतदार तिकीट ठरवतो, वर्गणीसुद्धा नाही, फक्त एक रकाना. तेवढंही नको तर नोव्हेंबरची मुख्य निवडणूक आहेच.

क्वीन्सकर:
नोव्हेंबरचं कौतुक राहू द्या. शहर डेमोक्रॅट पक्षाचं, त्यामुळे बहुतेक जागांचा निकाल जूनमध्ये त्यांच्या प्रायमरीतच लागतो. २०१८ च्या प्रायमरीत नवख्या ओकासिओ-कोर्टेझ यांनी दहा वेळा निवडून आलेल्या खासदार जो क्राउलींना पाडलं, तेव्हा एकूण मतं ३० हजारसुद्धा नव्हती. मतदारसंघ सुमारे ७ लाख वस्तीचा.

हडसनपार:
आमच्या न्यू जर्सीत बिनपक्षाचा मतदार केंद्रावरच पक्ष सांगतो आणि मत देतो. कुठला पक्ष बुडाला? २०१६ च्या प्रायमरीला तर न्यूयॉर्कची पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती. ट्रम्प यांच्या इव्हांका आणि एरिक या मुलांनाही बापाला मत देता आलं नाही. उमेदवाराच्या घरात तारीख कळत नाही, तर रात्रपाळीच्या टॅक्सीवाल्याला कुठून कळणार?

एबी_फॉर्म:
तारीख पुढे ढकला, माझी ना नाही. पण दार सताड उघडू नका. २००३ मध्ये तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांनी पक्षांच्या प्रायमरीऐवजी सगळ्यांना खुल्या अशा बिनपक्षी निवडणुकीचा प्रस्ताव आणला, तो मतदारांनीच दणकून फेटाळला. आणि चुरस असली की लोक येतात. २०२५ च्या जूनमध्ये, अंगाची लाही होत असताना, याच बंद प्रायमरीत महापौरपदाच्या ममदानी-क्युमो लढतीला १० लाखांवर मतं पडली.

पसंतीक्रम_१:
गोंधळ रकान्याचाच नाही हो. प्रायमरीत महापौरासाठी पाचपर्यंत पसंत्या द्यायच्या, राज्याच्या जागांना एकच खूण. पदवीधर मतदारसंघात आपले शिकलेले लोक मतं बाद करून घेतात, तसलंच. २०२१ ला तर निवडणूक मंडळानेच चाचणीच्या १ लाख ३५ हजार मतपत्रिका मोजणीत धरल्या होत्या!

क्वीन्सकर:
तो वेगळा धागा काढा. एबी_फॉर्म, तडजोड सांगतो: नव्या मतदाराला जी १० दिवसांची मुदत, तीच कोऱ्या रकान्याला. दुसऱ्या पक्षातून उडी मारणाऱ्यांना राहू दे फेब्रुवारी.

एबी_फॉर्म:
कोऱ्यांपुरतं चालेल. पण पक्षाची नोंद सार्वजनिक असते, कुणीही पाहू शकतं. तुमचे ते 'शिक्का नको'वाले तेव्हाही येणार नाहीत, लावा पैज.