अनुभव धागा: आईबाबांना घेऊन स्टेट फेअर

आईबाबा यंदा ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे अमेरिकेत आहेत. 'इथली जत्रा, म्हणजे राज्याची स्टेट फेअर, बघायला जाऊ' म्हटलं की बाबांचा चेहरा खुलतो, आणि तिकिटाचा आकडा ऐकला की मनातल्या मनात त्याचे रुपये करून गप्प बसतात. ज्येष्ठांसाठी सवलत असते, खास दिवसही असतात असं ऐकलंय. ज्यांनी आपल्या माणसांना नेलंय त्यांनी लिहा. चालण्याचं, खाण्याचं, टेकायच्या जागांचंही लिहा.

मिनेसोटाची सून
आमची फेअर १२ दिवस चालते आणि लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार) संपते, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. ६५ च्या पुढच्यांना एरवीही तिकीट कमी, शिवाय ज्येष्ठांचा वेगळा दिवस. गाडी लांबच्या फुकट पार्किंगमध्ये लावून तिथून फुकट बसने गेलो.

सासूबाई अडकल्या त्या बियांच्या चित्रांपाशी. जवस, मका, घेवडा, सगळं तिथेच पिकणारं, एकेक दाणा चिकटवलेला. काचेला चष्मा टेकवून म्हणाल्या, "आमच्या मंडळात धान्याची रांगोळी घालतो, पण पोरं धावली की संपली. हे डिंकाने लावलंय का गं?" तिथून अर्धा तास हलेनात. पुढे काचेच्या थंडगार खोलीत एक मुलगी जाड कोट घालून बसलेली आणि समोर ९० पौंड लोण्यातून तिचा चेहरा कोरला जात होता. सासूबाईंचा प्रश्न: "एवढ्याचं तूप किती निघेल?"

एकदा पैसे दिले की हवं तेवढं दूध, असा एक स्टॉल आहे. तिथे त्यांनी तीन पेले रिचवले. सवलतीपेक्षा ही वसुली त्यांना जास्त आवडली.

डॅलसकर
आमच्याकडे टेक्सासच्या फेअरला सवलतीचा वार गुरुवार, वयाची अट ६०. आता गंमत ऐका. बाबांची जन्मतारीख १ जून, अर्थात गुरुजींनी लावलेली. कागदावर ६१, खरे ५९. गेटजवळ आले आणि अडून बसले, "मी साठीचा नाही, खोटं कशाला बोलू?" आई म्हणाली, "रिटायर कागदावरच्या वयाने झालात ना? पेन्शन त्याच वयाची खाता ना? मग चला मुकाट्याने." गेले.

आत ५५ फुटी बिग टेक्स, म्हणजे काउबॉयचा भलामोठा पुतळा, उभा आहे. जुना २०१२ मध्ये जळाला, मग हा नवा केला. हे ऐकल्यावर बाबा: "म्हणजे रावणच की." आणि हो, पार्किंग आणि खाण्याच्या कुपनांवर वयाची सवलत मिळेल या भ्रमात राहू नका. कॉर्नी डॉगमध्ये सॉसेज असतं, शाकाहारी मंडळींना आधीच सांगा. आमच्याकडे एक घास झाल्यावर कळलं.

रालेकर
नॉर्थ कॅरोलिनात ६५ च्या पुढे प्रवेशच फुकट, कुठल्याही दिवशी. फेअर ऑक्टोबरमध्ये, त्यामुळे ऊनही सोसवतं. सासरेबुवांनी वयाचा पुरावा म्हणून पाकिटातून चक्क एसटीचं स्मार्ट कार्ड काढलं! गेटवरच्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, हसल्या आणि आत सोडलं. दिवसभर एकच पालुपद: "आपल्या एसटीत ६५ ला अर्धं आणि ७५ ला फुकट. इथे ६५ लाच फुकट!" मी मात्र पूर्ण तिकीट काढलं, त्याचं कुणाला काही नाही.

पाय दुखावलेली
फेअरचं नाव घेत नाही. सवलत फक्त गेटवर होती आणि मी हौसेने आदल्या रात्रीच ऑनलाइन पूर्ण दराची तिकिटं काढून ठेवलेली. पैसे परत मिळाले नाहीत. आईला मी अजून सांगितलेलं नाही, तिच्या लेखी आपण स्वस्तात गेलो. व्हीलचेअर भाड्याने मिळते का ते मात्र आधी विचारा. आम्ही 'थोडंच तर चालायचंय' म्हटलं आणि दुपारी चारला मीच बाकावर आडवी.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! बाबांना डॅलसकरांचं वाचून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "१ जून? माझीही तीच."