हिंगणा, वाडी, बर्डी: तिन्हीकडचं नेटवर्क एकट्याने सांभाळायचंय, मॉनिटरिंग कुठून सुरू करू?

हिंगणा_आयटी
नमस्कार मंडळी. आमचा कारखाना नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत, गोदाम वाडीला, ऑफिस बर्डीवर. आयटीत मी एकटाच. वाडीचं बिलिंग अडकलं की फोन येतो, "नेट गेलं." लिंकवाल्याला (इंटरनेट देणाऱ्या कंपनीला) विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमच्याकडून बरोबर दिसतंय." तोवर ट्रक गेटवर उभा. मे महिन्यात दुपारी हे फारच होतं. मालकांना दाखवायला माझ्याकडे एक आकडा नाही. एक जण मोठं पॅकेज विकायला मागे लागलाय. घेऊ का?

बुटीबोरीकर
भाऊ, सध्या एक रुपया देऊ नका. झॅबिक्स हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, तुमच्या पसाऱ्याला जुना पीसी पुरेल. त्याचा प्रॉक्सी, म्हणजे तिथल्या तिथे तपासणी करणारा मदतनीस, मात्र वाडीतच बसवा. नुसतं बर्डीवरून बघाल तर लिंक गेल्यावर "वाडी गेली" एवढंच कळेल. प्रॉक्सी तुटलेल्या वेळेतल्या नोंदी स्वतःकडे साठवतो आणि लिंक आली की पाठवतो.

तिथून तीन पत्त्यांना पिंग (उत्तर येतं का ते बघणारा छोटा संदेश) लावा: आपला राउटर, लिंकवाल्याचा गेटवे (त्यांच्या बाजूचं पहिलं टोक) आणि बाहेरचा, गूगलचा 8.8.8.8. राउटर उत्तर देतोय पण गेटवे नाही, तर बिघाड बहुतेक त्यांच्या लाइनवर. गेटवेपर्यंत ठीक पण बाहेर काही नाही, तर त्यांच्या पुढच्या नेटवर्कात. राउटरच गप्प असेल तर आपलं घर तपासा. हा आलेख पाठवलात की "बरोबर दिसतंय" म्हणणं त्यांना जड जाईल.

दुपारचं म्हणता, तर उन्हावर माझा संशय आहे. आमच्याकडे एका गोदामात रॅक पत्र्याखाली टांगलेला होता. स्विचचं तापमान एसएनएमपीने (उपकरणांची माहिती नेटवर्कवरून वाचायची पद्धत) वाचायला लागलो, तर दोनच्या सुमारास ते चढायचं आणि त्याच वेळी पोर्ट पडायचे. रॅक आतल्या खोलीत नेला, तक्रारी थांबल्या. एसएनएमपी व्हर्जन 3 च वापरा, जुन्यात पासवर्ड उघडा जातो.

सर्व्हिसडेस्क_मिहान
दादा, एक कळकळीने सांगते: इशारे मोजकेच ठेवा. स्विचचे ट्रिगर (इशारा उठवणारे नियम) राउटरवर अवलंबून ठेवा, नाहीतर एक लिंक गेली की मोबाइलवर चाळीस मेसेज येतात आणि मग माणूस बघणंच सोडतो. सलग तीन पिंग चुकले तरच इशारा.

लिंकचा करार काढून वाचा. लिंक 99.5 टक्के वेळ चालू राहील असं लिहिलं असेल तर 30 दिवसांत 3 तास 36 मिनिटं बंद राहिली तरी ते करारातच बसतं, 99.9 असेल तर जेमतेम 43 मिनिटं. सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवा, तरच तुमच्या आणि त्यांच्या नोंदी जुळतील. जीएलपीआयमध्ये (तक्रारींची तिकिटं नोंदवायचं सॉफ्टवेअर) प्रत्येक बंदचं तिकीट करा. वारंवार का पडतं याचं तिकीट मात्र वेगळं, ते कारण सापडेपर्यंत बंद करायचं नाही.

हिंगणा_आयटी
मनापासून आभार, ताई आणि भाऊ! वाडीचा रॅकही पत्र्याखालीच आहे, वजनकाट्याच्या केबिनशेजारी. प्रॉक्सी या आठवड्यातच बसवतो. तिथल्या यूपीएसला नेटवर्क कार्ड नाही, फक्त यूएसबी आहे. बॅटरी कशी बघू?

बुटीबोरीकर
त्याच प्रॉक्सीच्या पीसीला यूएसबी जोडा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स हे यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाका, तेही फुकट. आधी तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते बघून घ्या.