मदत हवी आहे: हॉटस्पॉट जोडला जातो, पण लॅपटॉपवर नेट नाही (तातडीचं)

चौदावा_मजला:
मंडळी, नंबर पोर्ट करून चार दिवस झाले. फोनवर नेट मस्त पळतंय. लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला की जोडला जातो, पण खाली ‘नो इंटरनेट’. पोर्ट करण्याआधी ही भानगड नव्हती. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘सिम काढून परत घाला’. आता तर सिमचा ट्रेच सैल झालाय. सोमवारी सकाळी ९ ला क्लायंटची मीटिंग आहे. फोन बंद करून चालू करून झालाय, कृपया तो सल्ला नको.

चहाबिस्किट:
फोन कुठला? लॅपटॉप कुठला? दोन सिम असतील तर डेटा कुठल्या सिमवर ठेवलाय? मीटिंगची वेळ तेवढी कळली, बाकी काहीच नाही.

चौदावा_मजला:
अँड्रॉइड. विंडोज. एकच सिम. आता सांगा.

एपीएन_आप्पा:
एपीएन, म्हणजे फोन कंपनीच्या नेटला जिथून जोडला जातो ती सेटिंग. डोळे झाकून सांगतो. पोर्ट झाल्यावर कधीकधी जुन्या कंपनीची सेटिंग चिकटून राहते. मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन एपीएन उघडा. ‘एपीएन टाइप’ असा रकाना असतो, त्यात ‘डिफॉल्ट’पुढे स्वल्पविराम देऊन ‘डीयूएन’ लिहा. डीयूएन म्हणजे डायल-अप नेटवर्किंग, टेदरिंगची (फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देण्याची) वाट तीच. मी माझ्या तीन फोनवर केलंय.

खारट_शेंगदाणा:
आप्पा, मागे कुणाचा टीव्ही लागत नव्हता तेव्हाही तुम्ही एपीएनच सांगितलं होतं.
धागाकर्ते, टीटीएल बघा, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पॅकेटवरचा आकडा, जो वाटेतल्या दर टप्प्याला एकने कमी होतो. विंडोजच्या पॅकेटचा टीटीएल १२८ असतो, फोनमधून पुढे जाताना एकने कमी होऊन १२७ होतो. फोनचा स्वतःचा ६४. कंपनीला तेवढ्यावरून कळतं की मागे लॅपटॉप बसलाय, आणि ती अडवते. लॅपटॉपवर ६५ करून टाका, म्हणजे बाहेर पडताना ६४ दिसेल.

एपीएन_आप्पा:
हे परदेशातल्या प्लॅनचं दुखणं. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन रोज रात्री माझ्याच हॉटस्पॉटवर क्रिकेट बघतो, मला कुणी अडवलं नाही.

खारट_शेंगदाणा:
वॉचमन फोनवर बघतो ना? फोनचा ६४ वजा एक ६३ होतो, १२७ नाही. उदाहरण तरी नीट द्या.

मुलुंडची_मावशी:
चौदावा मजला म्हणजे खरंच चौदावा का रे? मग तेच कारण. टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात, रस्त्यावरच्या माणसांसाठी. वर राहणाऱ्याला लांबलांबचे दहा टॉवर थोडे थोडे दिसतात आणि फोन नुसता या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारतो. आमच्याकडे अठराव्यावर हॉलमध्ये पाच दांड्या आणि फोन लागत नाही. फोन ग्रिलमध्ये तुळशीजवळ ठेवून बघ.

चौदावा_मजला:
मावशी, फोनवर नेट पळतंय असं वरच लिहिलंय. भांडुपला चौदाव्यावरच राहतो, पण प्रश्न तो नाही.
आप्पा, डीयूएन लिहिलं. काही फरक नाही.

घाटकोपर_लोकल:
परत जुन्या कंपनीत जा. १९०० ला ‘पोर्ट’ लिहून मोबाइल नंबर टाकून एसएमएस पाठवायचा, कोड येतो, तो चार दिवस चालतो. मी दोनदा केलंय.

चहाबिस्किट:
पोर्ट केल्यावर ९० दिवस त्याच कंपनीत काढावे लागतात. माणसाला सोमवारी मीटिंग आहे.

घाटकोपर_लोकल:
मी उपाय सांगितला, मुहूर्त नाही. आणि कल्याणचे लोक उगाच महाराष्ट्र सर्कलचे प्लॅन शोधत बसतात. कल्याणसुद्धा मुंबई सर्कलमध्येच येतं. सहज आठवलं म्हणून.

आजोबा_१९४९:
तुम्ही भाग्यवान आहात. २००३ पर्यंत आम्ही इनकमिंगचेसुद्धा पैसे मोजले. फोन वाजला की आधी नंबर बघायचा, कापायचा आणि नाक्यावरच्या पीसीओवरून उलटा फोन करायचा. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही रिंगनेच संसार केलात.

चौदावा_मजला:
कुणी हॉटस्पॉटबद्दल बोलणार आहे का?

निवृत्त_जोडणीवाला:
बोलतो. आधी दोन गोष्टी करा, सेटिंगला हात लावू नका. एक, घरातला दुसरा कुठलाही फोन तुमच्या हॉटस्पॉटला जोडा. दोन, तोच लॅपटॉप केबल लावून यूएसबी टेदरिंगवर चालवून बघा. दोन्हीत काय झालं ते लिहा.

चौदावा_मजला:
१) आईचा फोन जोडला. लगेच कीर्तन सुरू झालं, आता ती सोडायला तयार नाही.
२) यूएसबी टेदरिंगचं बटण दाबताच येत नाही, फिक्कट दिसतंय.

निवृत्त_जोडणीवाला:
केबल नुसती चार्जिंगची असणार. पॉवर बँकबरोबर येणाऱ्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. फोनच्या डब्यातली केबल घ्या.

चौदावा_मजला:
डब्यातली केबल सापडली. नेट आलं!! पण मग वायफायने का नाही? आणि मीटिंगमध्ये फोन हातात लागतो, केबलला बांधून कसा ठेवू?

निवृत्त_जोडणीवाला:
म्हणजे सिम, पोर्टिंग, प्लॅन, एपीएन, टॉवर सगळे सुटले. टीटीएलपण सुटला, कारण केबलने गेलं तरी विंडोजचा १२७ च दिसतो. दोष लॅपटॉपच्या वायफायमध्ये आहे. हॉटस्पॉटला जोडलेला असताना काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘आयपीकॉन्फिग’ चालवा आणि वायफायखालच्या ओळी इथे टाका. आईच्या फोनमध्ये वायफायच्या तपशिलात आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, दिसेल, तोही.

एपीएन_आप्पा:
यूएसबीची वाट वेगळी असते, त्यामुळे एपीएन सुटलं असं म्हणता येत नाही.

चहाबिस्किट:
आप्पा, आईचं कीर्तन वायफायवरच चाललंय.

चौदावा_मजला:
लॅपटॉप: आयपीव्ही४ १९२.१६८.१.५७, गेटवे १९२.१६८.१.१
आईचा फोन: १९२.१६८.४३.११८
यातलं मला काही कळत नाही.

निवृत्त_जोडणीवाला:
या घरात येण्याआधी कुठे होतात आणि तिथे नेट कुणाचं होतं?

चौदावा_मजला:
लालबागला. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून गेल्या आठवड्यात इथे भाड्याने आलो. तिथे केबलवाल्याचं नेट होतं, त्याचा पोरगा येऊन लॅपटॉपमध्ये काहीतरी भरून गेला होता. याचा काय संबंध?

निवृत्त_जोडणीवाला:
तोच संबंध. त्याने तुमच्या वायफायमध्ये आयपी आणि गेटवे (नेटकडे जाण्याच्या दाराचा पत्ता) हाताने भरलेत. १.५७ हा लालबागच्या राउटरखालचा पत्ता. तुमचा फोन ४३ च्या मालिकेतले पत्ते वाटतोय, आईच्या फोनने निमूट घेतला. लॅपटॉप मात्र घेतच नाही. चाळ सुटली, पण तो अजून दारावर लालबागचीच पाटी लावून बसलाय आणि डेटा पाठवतोय १.१ ला, जो भांडुपात नाहीच. यूएसबी विंडोजला वेगळं कार्ड म्हणून दिसतं, त्यात कुणी काही भरलेलं नाही, म्हणून ते चाललं.

रनमध्ये ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाइप करा. वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ वर डबल क्लिक. वरचं ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडा, खाली डीएनएसलाही तेच. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ॲडमिनचा पासवर्ड मागेल.

खारट_शेंगदाणा:
पण पोर्ट करण्याआधी चालत होतं म्हणाले ना हे?

चौदावा_मजला:
झालं!!! लॅपटॉप स्वतःचाच आहे, पासवर्डची कटकट नव्हती. आता १९२.१६८.४३.२०५ दिसतंय आणि मेल धडाधड उतरतायत.
पोर्टबद्दल: खरं सांगायचं तर लालबागला वायफाय होतं, त्यामुळे या लॅपटॉपला हॉटस्पॉट कधी दिलाच नव्हता. घर बदललं, इथे जुनं नेटवर्क फक्त मोरीत यायचं म्हणून त्याच आठवड्यात पोर्ट केलं, आणि मला वाटलं… असो. नव्या कंपनीला तीन दिवस घातलेल्या शिव्या मागे.

मुलुंडची_मावशी:
तरी तुळशीजवळ ठेवून बघ, स्पीड वाढेल.

निवृत्त_जोडणीवाला:
एक लक्षात ठेवा. भांडुपला केबलचं नेट घेतलंत की तिथलाही पोरगा येऊन हेच करू बघेल. त्याला म्हणा, नंबर राउटरमध्ये भर, लॅपटॉपला हात लावू नकोस.

चौदावा_मजला:
तो शनिवारीच येतोय. हा प्रतिसाद आईला वाचून दाखवलाय, मी ऑफिसात असलो तरी दारात तीच उभी असेल.