इंडोनेशियातल्या छोट्या बेटावर जागा घ्यावी का? राहिलेल्यांनीच सांगा

मुलुंडकाका:
नमस्कार मंडळी. बँकेतून व्हीआरएस घेऊन दोन वर्षं झाली, मुलगी कॅनडात, घरी मी आणि ही. भाचा लोंबोकला डायव्हिंग शिकवतो (बालीच्या पूर्वेचं शेजारचं बेट), दिवाळीनंतर त्याच्याकडे जाऊन आलो आणि तिथून होडीने एका गिलीवर तीन दिवस राहिलो. गिली म्हणजे त्यांच्या ससाक भाषेत छोटं बेटच. गाव केवढं, तर आमच्या सोसायटीत त्याहून जास्त माणसं असतील. मशीद, शाळा, दोन दुकानं, नारळ, होड्या, बास. तेव्हापासून डोकं फिरलंय. भाचा म्हणतोय किनाऱ्याला लागून ६ आर जागा आहे, त्याच्या तिथल्या मित्राच्या नावावर घ्यायची, पैसे आपण द्यायचे आणि वेगळा करार करून ठेवायचा की खरे मालक तुम्ही. सगळे असंच करतात म्हणे. मला ते गाव आमच्या गुहागरकडच्या वाडीसारखं वाटलं, दाराला कडी नाही. हिचं म्हणणं तीन दिवस पाहुणा म्हणून गेलेल्याला सगळंच गोड लागतं, चोरी झाली तर, छातीत दुखलं तर, त्सुनामी आली तर? कोणी राहिलंय का अशा ठिकाणी?

वडापाव_प्रेमी:
सहा गुंठे आणि समोर समुद्र, मुलुंडला एवढ्यात पार्किंग पण मिळत नाही, घेऊन टाका काका आम्ही येतो मासे खायला

स्टँपपेपर:
वरच्या साहेबांचं ऐकू नका. काका हात जोडून सांगतो तो करार करू नका. आपल्याकडे शेतकरी नसलेला माणूस कोकणात शेतकरी मेव्हण्याच्या नावावर जमीन घेतो आणि पाच वर्षांनी दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यातलाच प्रकार, फक्त परक्या देशात. त्यांचा १९६० चा जमीन कायदा आहे, त्यात पूर्ण मालकी म्हणजे हाक मिलिक (हा हाक म्हणजे आपला हक्कच, अरबीतून दोघांकडे आलाय) ही इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला आडवळणाने मालकी मिळावी म्हणून केलेला व्यवहार कलम २६ प्रमाणे मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे उद्या त्या मित्राने हात वर केले आणि तुम्ही तो करार घेऊन कोर्टात गेलात तर तुमचाच कागद तुमच्या विरुद्धचा पुरावा. मित्र भला असेल हो, पण तो उद्या गेला तर त्याच्या बायकामुलांनी तुम्हाला का ओळखावं?

सरळ मार्ग दोन. तिथलं रेसिडेन्स परमिट असेल तर हाक पाकाई, वापराचा हक्क, आधी ३० वर्षं मग २० मग ३०. नाहीतर नोटरीसमोर साधं लीज. कंपनी काढून घेतात काही जण पण त्यासाठी १० अब्ज रुपियाच्या वरची गुंतवणूक दाखवावी लागते, आपले साधारण पाच कोटी, ते सोडा. लीज केलंत तरी एकट्या मालकाची सही चालवून घेऊ नका, सगळ्या वारसांच्या घ्या. आणि "किनाऱ्याला लागून" म्हटलं की कान टवकारा, भरतीच्या रेषेपासून किमान १०० मीटरचा पट्टा तिथे राखीव असतो, आपल्या सीआरझेडचा, किनारपट्टीच्या बांधकाम नियमांचा, भाऊ. इथून पैसे पाठवलेत की बँक फॉर्म भरून घेणार, टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापणार, नंतर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दाखवायची असते. जागा मित्राच्या नावावर तर तुम्ही तिथे काय लिहिणार?

मौमेरेची_सून:
मी मूळची दादरची, नवरा फ्लोरेसचा (लोंबोकच्या पूर्वेचं इंडोनेशियातलंच बेट), अकरा वर्षं मौमेरेच्या बाजूला एका गावात राहते. लोंबोक मुस्लिम, आमच्याकडे बहुतेक कॅथलिक, रीतीभाती वेगळ्या, पण गाव ते गावच.

आधी चोरीचं सांगते. कडी नसते हे खरं, पण लोक साधे म्हणून नाही, कोण कुठे गेलंय ते सगळ्यांना माहीत असतं म्हणून. घराबाहेर पाऊल टाकलं की "माऊ के माना", म्हणजे कुठे निघालात. पहिलं वर्ष वैताग यायचा, दादरला समोरचे पण विचारत नाहीत, मग कळलं की खरं उत्तर कोणाला नकोच असतं, "इथेच" म्हणायचं आणि चालू लागायचं, पण तुम्ही दिसलात याची नोंद झाली. पाहुणा आला की २४ तासांत आरटीला, म्हणजे आळीच्या प्रमुखाला, सांगायचं. बऱ्याच गावांत रात्री पुरुष पाळीने गस्त घालतात, चौकीत पोकळ लाकडाची कंतोंगान टांगलेली असते, काही झालं की ती बडवायची.

पण बंद घराला यातलं काही लागू नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एका परदेशी माणसाने झकास बंगला बांधला, वर्षातून दोन महिने यायचा. आधी सोलरची बॅटरी गेली, मग पाण्याचा पंप, शेवटी छपराचे पत्रे. राखणदार होता की, लोक म्हणतात त्याच्याच चुलतभावाने नेलं, मग तो कशाला तोंड उघडेल, त्याला त्याच गावात राहायचंय. पत्रे काढताना भर दुपारी आवाज झाला असणार, कोणी कंतोंगान वाजवली नाही. तो माणूस वाईट नव्हता हो, गोतोंग रोयोंगला (आपली इर्जिक समजा, पण गटार, रस्ता, चर्च सगळ्यालाच) दरवेळी पैसे पाठवायचा, स्वतः कधी कुदळ धरायला आला नाही.

जागेचं म्हणाल तर मी बायको असून माझ्यामुळे नवऱ्याच्या मालकीची पंचाईत झाली होती! लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार केला नाही तर जमीन दोघांची सामाईक धरतात आणि मी परदेशी. २०१६ ला त्यांच्या घटना न्यायालयाने लग्नानंतरही करार करायला परवानगी दिली तेव्हा आमचं मार्गी लागलं. सख्ख्या बायकोची ही गत, तर भाच्याचा मित्र कोण लागून गेला.

आणि काकू त्सुनामीला घाबरतात ते अगदी बरोबर आहे. १२ डिसेंबर १९९२ ला आमच्या समोरच्या बाबी बेटावर काय झालं ते इथे जुन्या माणसांकडून ऐका. भूकंप उत्तरेला समुद्रात, गावं बेटाच्या दक्षिणेला, म्हणजे आडोशाला. लाट बेटाला दोन्हीकडून वळसा घालून आली आणि आडोशाच्याच बाजूला उंच चढली. अडीचशेच्या वर माणसं गेली, उरलेल्यांना इकडे फ्लोरेसवर आणून वसवलं. म्हणून कोणी "आपली जागा आतल्या बाजूला आहे, लाट येत नाही" म्हणालं तर मान हलवा आणि विश्वास ठेवू नका.
उलट सुमात्राकडे सिमेउलुए बेट आहे, तिथे १९०७ च्या लाटेची गोष्ट आजीने नातवाला सांगत सांगत टिकवली, त्याला स्मोंग म्हणतात, जमीन जोरात हलली आणि पाणी मागे गेलं की डोंगराकडे पळा. २००४ ला जवळजवळ ७८ हजार वस्तीत सात माणसं गेली फक्त. तेव्हा मला सांगा, तुमच्या गिलीवर चढायला टेकडी आहे का आणि काकूंचे गुडघे कसे आहेत?

दर्यावर्दी_वसई:
ताईंनी बरंच सांगितलं, मी बोटीवर होतो तीस वर्षं, त्या पाण्यातून खूप फिरलोय, दोन गोष्टी टाकतो. काका तुम्ही नोव्हेंबरात गेलात, तेव्हा तिकडे दर्या तळ्यासारखा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा वारा, मुसिम बारात, तेव्हा छोट्या होड्या कित्येक दिवस सुटत नाहीत, आपली गेटवे मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते तसं, फक्त इथे अलिबागहून गाडीने पण येता येतं, तिथे दुसरा रस्ताच नाही. छातीत दुखलं तर गावात फार तर नर्स किंवा सुईण, पुस्केस्मास म्हणजे सरकारी दवाखाना मोठ्या बेटावर, आणि हार्टचं मोठं हॉस्पिटल मातारामला, लोंबोकच्या मुख्य शहरात. जानेवारीत रात्री दोन वाजता तुमच्यासाठी होडी कोण काढेल त्याचं नाव आत्ता सांगता येतंय का? येत नसेल तर घर बांधू नका.

दुसरं घराचं. ५ ऑगस्ट २०१८ ला लोंबोकला ६.९ चा भूकंप झाला, पाचशेच्या वर माणसं गेली, विटांची घरं धडाधड बसली, कॉलम नीट नव्हते, लाकूड बांबूची जुनी घरं बरीच उभी राहिली. गंमत म्हणजे बांबूचं घर गरिबाचं म्हणून लोकांनी हौसेने विटांचं बांधलं होतं. तुमचा कॉन्ट्रॅक्टर पण तुम्हाला विटांचाच बंगला दाखवणार बघा. आणि पिण्याचं पाणी कुठून येतं ते विचारा, अशा बेटांवर विहिरी मचूळ असतात.

मुलुंडकाका:
सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे, हिने तुमची पोस्ट मला दोनदा वाचून दाखवली. भाच्याला फोन केला, जरा फुगलाय, तुम्ही माझ्या मित्रावर संशय घेता म्हणाला. कागद पाठव म्हटलं तर जे आलं त्यात जागेचं सर्टिफिकेटच नाही, गावच्या वहीतली नोंद आणि टॅक्सची पावती. स्टँपपेपर साहेबांना दाखवली, ते म्हणाले आपल्या घरपट्टीच्या पावतीने कोणी मालक होतं का? तेव्हा तो विषय मिटला.

जायचं मात्र नक्की. मुद्दाम जानेवारीत, व्हिसा ऑन अरायव्हल ३० दिवस आणि एकदा वाढवून आणखी ३०, वाडीच्या प्रमुखाच्या घरातली एक खोली भाड्याने. टेकडी आहे. भाच्याला चालून बघायला सांगितलं, त्याला अकरा मिनिटं लागली, हिच्या गुडघ्याच्या हिशोबाने पंचवीस धरतो. पंचवीस चालतील का ताई?

मौमेरेची_सून:
नाही चालणार. बाबीला लाट पाच मिनिटांच्या आसपास पोचली होती. टेकडीच्या पायथ्याशी खोली मिळते का बघा, समुद्र दिसला नाही तरी चालेल. आणि त्या दोन महिन्यांत कोणाकडे मयत झालं तर घरात बसू नका, जा, बोलता नाही आलं तरी खुर्च्या उचलायला हात लावा.