शब्दचर्चा: ‘पोझिशनल आर्ग्युमेंट’ला ‘स्थानिक’ म्हणावं का?

टिळकवाडीकर: कमांड लाइनच्या (संगणकाला आज्ञा टाइप करून द्यायच्या पद्धतीच्या) मदत-मजकुरासाठी शब्द हवेत. ऑप्शन (आज्ञेला जोडायची डॅशवाली सूचना) = पर्याय, पोझिशनल आर्ग्युमेंट (कितव्या जागी आहे त्यावरून अर्थ ठरतो ते) = स्थानिक युक्तिवाद. चालेल?

खानापूरकर: अहो, स्थानिक म्हणजे इथला! शिवाय ‘स्थानिक चल’ हा शब्द प्रोग्रॅमिंगमधल्या लोकल व्हेरिएबलसाठी आधीच रूढ आहे. युक्तिवाद कोर्टात राहू द्या, सीमाप्रश्न 2004 पासून तिथंच आहे.

विभक्तीनं बघा. ‘निपाणीहून बेळगावला’ उलटं करून ‘बेळगावला निपाणीहून’ म्हटलं तरी अर्थ तोच, कारण प्रत्यय आहेत. प्रत्यय काढले की उरतो नुसता क्रम. फाइलची नक्कल करणाऱ्या ‘सीपी’ आज्ञेला दोन फाइलनावं दिली तर पहिलं मूळ, दुसरी नक्कल. उलटसुलट झाली की जुनी फाइल नव्या फाइलवर बसते, सीपी विचारतसुद्धा नाही. जीएनयू सीपीत (लिनक्सवरच्या) ‘-टी’ म्हणजे ‘इथं ठेव’ लावून डिरेक्टरी दिली की तिला ‘ला’ लागला म्हणायचं, मग ती आधी लिहा की मागून. म्हणून ‘क्रमवार’ म्हणा. आणि वेगवेगळ्या अर्थाची क्रमवार नावं दोनच ठेवा, तिसऱ्याला प्रत्यय लावा.

निपाणीकर: ‘पर्याय’ही बसत नाही. पर्याय म्हणजे ह्याच्याऐवजी ते; ‘तपशील दाखव’ म्हणणारा ‘-व्ही’ कशाच्याऐवजी येतो? कन्नड ‘आय्के’चा अर्थही निवडच. ‘ऑप्शन’च ठेवा की. पॉसिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) शब्द तीन आहेत: ऑप्शन, ऑप्शन-आर्ग्युमेंट (ऑप्शनला लागणारी माहिती), ऑपरंड (ज्यावर काम करायचं ते). ‘कुंदा अर्धा किलो, डब्यात’ यात कुंदा ऑपरंड, ‘किलो’ला आकडा लागतो, ‘डब्यात’ला काही लागत नाही. मधल्याला वेगळा शब्द हवाच, नाहीतर फाइलींचा गठ्ठा उघडणाऱ्या टारला ‘-एक्सएफव्ही जुने.टार’ दिल्यावर काय बिघडलं ते समजावणार कसं? एफला गठ्ठ्याच्या फाइलचं नाव लागतं, म्हणून तो लगेच पुढचं अक्षर गिळतो आणि ‘व्ही’ नावाची फाइल शोधत बसतो. एफ शेवटी.

टिळकवाडीकर: मग त्याला ‘ऑप्शनचं मूल्य’. आणि फाइलींची यादी देणारं ‘एलएस निपाणी -एल’ लिनक्सवर चालतं, मॅकवर का नाही?

खानापूरकर: जीएनयूचा गेटऑप्ट (ऑप्शन वाचणारा कोड) मागून आलेले ऑप्शनही उचलतो. पॉसिक्सप्रमाणे पहिलं ऑपरंड आलं की ऑप्शन संपले, म्हणून मॅक ‘-एल’ नावाची फाइल शोधतो. मदत-मजकुरात ऑप्शन आधीच दाखवा.

निपाणीकर: मूल्य ऐच्छिक असेल तर ‘=’ चिकटवूनच लिहा. ‘--कलर नेव्हर’ (रंग नकोत) असं सुटं लिहिलं की जीएनयू एलएस ‘नेव्हर’ला फाइल समजतो. आणि ‘इथं ऑप्शन संपले’ सांगणाऱ्या नुसत्या ‘--’ला ‘ऑप्शनविराम’ म्हणूया: ‘आरएम -- -यादी’ लिहिलं की डॅशनं सुरू होणारी फाइलसुद्धा पुसली जाते.

टिळकवाडीकर: ‘ऑप्शनविराम’ घेतला.